हिशेबात एक पैशाचा फरक येतोय? कॉम्प्युटर बदलायच्या आधी हे तपासा

मार्च अखेर जवळ आली की मला येणारे फोन ठरलेले असतात. "अहो, एक पैसा जुळंना झालाय. काल रात्री अकरापर्यंत बसलो होतो." पलीकडे मार्केट यार्डातल्या कुठल्या तरी अडत दुकानाचे दिवाणजी असतात. सांगलीत हळद आणि बेदाण्याच्या पेढ्यांची बिलिंगची सॉफ्टवेअरं सांभाळायचं माझं काम. हा एकच आजार इतक्या वेळा बघितलाय की आता निम्मं निदान फोनवरच होतं. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

लक्षणं

बिलातल्या ओळी कॅल्क्युलेटरवर मारल्या की बेरीज बिलापेक्षा एक-दोन पैशांनी वेगळी येते. ओळी जास्त असतील तेवढा फरक वाढतो.

सीजीएसटी आणि एसजीएसटीचा (जीएसटीतला केंद्राचा आणि राज्याचा हिस्सा) दर एकच, रक्कमही एकच, तरी एकात एक पैसा जास्त.

लहान बिलं चोख असतात, सव्वा लाखाच्या पुढची तेवढी पैशांत चुकतात.

तीच पट्टी (शेतकऱ्याला मालाच्या विक्रीचा देतात तो हिशेब) जुन्या कॉम्प्युटरवर एक रक्कम दाखवते आणि नव्यावर दुसरी.

एक्सेलमध्ये शून्य यायला हवं तिथे -२.७८ई-१७ (म्हणजे दशांशचिन्हानंतर सोळा शून्यं आणि मग २७८, तेही उणे) असलं काहीतरी उमटतं. लोक याला व्हायरस समजतात.

आणि माझं आवडतं लक्षण: पार्टीचं खातं पूर्ण मिटलंय, बाकी ०.०० दिसते, कधी कधी तर चक्क -०.०० दिसते, पण येणे बाकीच्या यादीतून नाव काही जात नाही. एका पेढीवर या यादीवरून आपोआप मेसेज जायचे. "आपल्याकडून रु. ०.०० येणे आहे, कृपया त्वरित भरावेत." तो मेसेज गेला मालकांच्या व्याह्यांना. त्यानंतर मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

हे होतं कशामुळे

हे नीट समजलं तर खालच्या तपासण्या आपोआप समजतील, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुन्या तराजूची वजनं आठवा: शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मं. समजा तुमच्याकडे अशीच निम्म्या-निम्म्याने उतरणारी वजनं आहेत, प्रत्येक एकच, आणि खाली हवी तितकी बारीक. आता यांनी शेराचा बरोबर दहावा भाग तोलून दाखवा. छटाक म्हणजे सोळावा भाग, तो ठेवला तर कमी पडतं. त्यावर बत्तिसावा भाग ठेवला, तरी कमी. चौसष्टावा ठेवला की पारडं खाली जातं. तो काढून आणखी बारीक ठेवत चला. काटा मध्याच्या जवळ जवळ येत राहील, पण मध्यावर कधीच थांबणार नाही.

प्रोसेसरकडे नेमकी हीच वजनं असतात, कारण त्याचं सगळं काम दोनाच्या पटीत. अपूर्णांक ठेवायची त्याची जी नेहमीची पद्धत आहे तिला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात. डबल नावाच्या प्रकारात एका आकड्याला ६४ बिट मिळतात (बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढं एक घर). १ बिट अधिक-उणे सांगायला, ११ बिट दशांशचिन्ह कुठे आहे ते सांगायला (दशांश कसलं, ते द्विअंश चिन्ह!) आणि ५२ बिट प्रत्यक्ष आकड्याला. सुरुवातीचा १ न लिहिताच धरलेला असतो, म्हणून एकूण ५३ वजनं हाताशी. दहा पैसे, म्हणजे ०.१ रुपया, या ५३ वजनांत तोलला की जे येतं ते ०.१००००००००००००००००५५५ च्या आसपास. दहा पैसे मागितले आणि नखाएवढं जास्त मिळालं. असे दहा दहा-पैसे एकेक करून मिळवले तर रुपया न होता ०.९९९९९९९९९९९९९९९९ होतं.

शंभर पैशांमधले फक्त चार मुक्काम या तराजूवर बरोबर बसतात: ००, २५, ५० आणि ७५. बाकी शहाण्णव ठिकाणी अंदाज.

गंमत अशी की १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले नसते तर माझा निम्मा धंदा बसला असता. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. सगळी निम्म्याची निम्मी. पावकी-निमकी पाठ असलेल्या जुन्या दिवाणजींचा हिशेब आणि प्रोसेसरचा हिशेब एकाच तालमीतला. (पै मात्र तिथेही नडली असती. रुपयाच्या १९२ पै, आणि त्यात एक तीन लपलेला आहे.)

म्हणजे प्रोसेसर आंधळा कारभार करतो असं नाही. १९८५ साली आयईईई ७५४ नावाचं मानक आलं. त्यामागे विल्यम काहान या गणितज्ञाचा मोठा हात होता, संगणकशास्त्रातलं मोठं मानलं जाणारं ट्युरिंग पारितोषिक त्यांना १९८९ साली मिळालं. हे मानक प्रोसेसरला बांधून घालतं: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ, काहीही कर, उत्तर तुझ्याकडच्या वजनांत बसणारं सगळ्यात जवळचंच दे. तो ते इमानाने देतो. गडबड होते ती अशी हजार जवळची उत्तरं एकमेकांत मिसळल्यावर, किंवा आपण त्याला "बरोबर शून्य आहे का?" असं विचारल्यावर.

पहिली तपासणी: तेच बिल पुन्हा चालवा. फुकट, दोन मिनिटं.

तेच बिल, तोच कॉम्प्युटर, पाच-दहा वेळा. फ्लोटिंग पॉइंटचा फरक हट्टी असतो. दरवेळी तोच पैसा, त्याच ओळीत, त्याच दिशेने. आज एक पैसा, उद्या चाळीस रुपये, परवा काहीच नाही, असं होत असेल तर हे पान इथेच सोडा. ती मेमरीची नाही तर डिस्कची भानगड असते, किंवा दुसऱ्या टेबलावरून कुणीतरी तेच बिल उघडून बदलतोय. हार्डवेअरवाल्याला बोलवा आणि त्याच्या आधी बॅकअप घ्या.

दुसरी: फरकाला ९ ने भाग जातो का?

ही मी दिवाणजींकडूनच शिकलो, कॉम्प्युटरच्या कुठल्या क्लासमध्ये नाही. ५४ ऐवजी ४५ मारले, १२.८३ ऐवजी १२.३८ मारले, तर फरक नेहमी ९ च्या पाढ्यात येतो. ९ पैसे, ४५ पैसे, २७ रुपये असा फरक असेल तर आधी आकडे उलटे पडलेत का ते बघा. माणसाच्या बोटाचं खापर प्रोसेसरवर फोडण्यात अर्थ नाही. फरक बरोबर एक रुपयाचा किंवा पन्नास पैशांचा असेल तर राउंड ऑफची ओळ बघा, ती दोनदा लागलेली असते.

तिसरी: दशांश उघडे करा.

एक्सेल असेल तर दशांश वाढवायचं बटण दाबून दोनाचे सहा करा. सॉफ्टवेअर असेल तर रिपोर्ट एक्सेलमध्ये काढून तेच करा. मला येणाऱ्या फोनांपैकी बहुतेक इथेच मिटतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचा प्रोसेसरशी काही संबंध नसतो.

समजा तीन ओळींत हमालीची रक्कम १०.३३४ येते. पडद्यावर तिन्ही ठिकाणी १०.३३ दिसतं. आपण डोळ्यांनी बेरीज करतो ३०.९९. कॉम्प्युटर मात्र लपलेला तिसरा दशांशही धरतो, ३१.००२, आणि छापतो ३१.००. दोघंही बरोबर, पैसा मात्र गायब. दाखवणं आणि ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेल दोन दशांशावर फॉरमॅट केला म्हणजे आतला आकडा छाटला गेला, असं होत नाही.

उपाय: प्रत्येक ओळीची रक्कम राउंड फंक्शनने दोन दशांशावर आणा आणि मगच बेरीज करा. शेतकऱ्याच्या हातातल्या पट्टीवर जे छापलंय तेच आत असलं पाहिजे.

इथे एक सावधगिरी. एक्सेलच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये "सेट प्रिसिजन ॲज डिस्प्लेड" नावाचं एक कलम आहे. टिक केली की सगळं एका झटक्यात जुळतं, म्हणून लोकांना फार आवडतं. पण ते पूर्ण फाइलमधले आकडे कायमचे छाटतं. एकाने दराचा कॉलम शून्य दशांशावर ठेवला होता आणि ही टिक मारली. दरांचे पैसे गेले ते गेलेच, परत आणायला छापील पट्ट्या काढून बसावं लागलं. या टिकेला हात लावू नका.

दशांश उघडल्यावर तिसऱ्या-चौथ्या स्थानी काही नाही, पण आणखी उघडत गेलं की तेराव्या-पंधराव्या स्थानी कचरा दिसतो, असं असेल तर खरा फ्लोटिंग पॉइंट सापडला. पुढे चला.

चौथी: शून्याशी बरोबरी कोण करतंय?

व्याह्यांच्या मेसेजचं मूळ हे. खात्यावर ०.३० रुपये नावे आणि ०.१० व ०.२० जमा, एवढ्या साध्या हिशेबातही डबलमध्ये शून्य उरत नाही, कारण ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३००००००००००००००००४ येतं. उरलेली धूळ सतराव्या स्थानी असते. यादी काढणारी अट "बाकी शून्य नसेल तर दाखव" अशी असते. धूळ म्हणजे शून्य नव्हे, नाव दाखव! धूळ उणे बाजूला असली की -०.०० छापलं जातं.

एक्सेल इथे जरा चलाखी करतं. ०.५-०.४-०.१ असं सूत्र दिलं तर ते शून्य दाखवतं, कारण वजाबाकीचं शेवटचं उत्तर शून्याच्या फारच जवळ असेल तर ते शून्यच धरतं. पण त्याच सूत्राला कंस घालून १ ने गुणा, लगेच -२.७८ई-१७ बाहेर येतं. वर सांगितलेला तो व्हायरस हाच.

उपाय सोपा आहे. अट बदलून "बाकी अर्ध्या पैशापेक्षा कमी असेल तर मिटलं" अशी करा. अधिक-उणे दोन्ही बाजूंनी. एक्सेलमध्ये बाकीच राउंड करून घेतली तरी चालतं. सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्टची अट तुम्हाला बदलता येत असेल तर बदला, नाही तर प्रोग्रॅमरला हे एक वाक्य पाठवा, तेवढं पुरतं.

याच घरातली आणखी एक तक्रार: तारखेने लावलेली बेरीज आणि पार्टीने लावलेली बेरीज शेवटच्या स्थानी वेगळी येते. येणारच. प्रोसेसर मोठ्या आकड्यात लहान मिळवताना लहान आकडा उजवीकडे सरकवून दोन्हींची घरं जुळवतो, आणि ५३ घरांच्या बाहेर सांडलेलं त्याला सोडून द्यावं लागतं. क्रम बदलला की सांडणारं बदलतं. ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ मिळवा, ०.६०००००००००००००००१ येतं. ०.२ आणि ०.३ आधी मिळवा, ०.६ येतं.

पाचवी: कराच्या दोन ओळी.

१०७ रुपयांवर अडीच टक्के काढा. कागदावर २.६७५, म्हणजे २.६८. हेच मी दोन पेढ्यांवर दोन तऱ्हांनी लिहिलेलं पाहिलंय, आणि एकदा तर एकाच बिलात: सीजीएसटीला "रक्कम गुणिले २.५ भागिले १००", आणि एसजीएसटीला, नंतर कुणीतरी जोडलेलं, "रक्कम गुणिले ०.०२५". गणितात दोन्ही एकच. प्रोसेसरला पहिलं उत्तर २.६७४९९९९९९९९९९९९८ असं मिळतं, दुसरं २.६७५०००००००००००००३. दोन दशांशावर आणा: २.६७ आणि २.६८. झाला फरक.

एक्सेलचं राउंड २.६७५ चे २.६८ च देतं, म्हणून "एक्सेलमध्ये बरोबर, सॉफ्टवेअरमध्ये चूक" अशी तक्रार येते. शिवाय राउंड हे नाव सगळीकडे एक असलं तरी वागणं एक नसतं. एक्सेलच्या पानावरचं राउंड अर्ध्याला वर ढकलतं. त्याच एक्सेलच्या मॅक्रोमधलं (एक्सेलच्या आत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममधलं) राउंड अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे नेतं, २.५ चे २ आणि ३.५ चे ४. म्हणून मॅक्रो लिहिलेल्या शीटमध्ये हा झगडा हमखास असतो.

तुम्ही बघायचं ते इतकंच: दोन्ही करांचं सूत्र अक्षर न अक्षर एकच आहे का, आणि राउंड एकदाच होतंय का. कर एकदा काढा आणि दोन्ही ओळींत तोच आकडा वापरा. शेवटी रुपयात आणायचं तर कायद्यात नियम दिलेलाच आहे, सीजीएसटी कायद्याचं कलम १७०: पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे.

सहावी: १,३१,०७२ रुपये १ पैसा.

आधी बॅकअप. मग सॉफ्टवेअरमध्ये टेस्ट कंपनी (नुसती तपासणीसाठीची खोटी कंपनी) उघडून तिच्यात १,३१,०७२.०१ ची एक नोंद करा. सेव्ह करून परत उघडा.

०१ च राहिलं तर ठीक. ०२ झालं किंवा पैसेच उडाले, तर त्या सॉफ्टवेअरने रक्कम ३२ बिटांच्या सिंगल प्रकारात ठेवलीय. त्यात वजनं फक्त २४. म्हणून १,३१,०७२ च्या (दोनाचा सतरावा घात) पुढे त्याची सगळ्यात लहान पायरी रुपयाचा चौसष्टावा भाग, म्हणजे १.५६२५ पैसे होते. एकेक पैसा मोजायला ती पायरी मोठी पडते. २,४३,८१७.३५ लिहिलंत तर ते २,४३,८१७.३४ होऊन परत येतं. दहा लाखांवर हीच पायरी सव्वासहा पैशांची. आणि चौसष्टावा भाग म्हणजे जुना पैसा की हो! ढब्बू पैशाच्या काळात हे सॉफ्टवेअर सव्वा लाखाच्या पुढेही बिनचूक चाललं असतं.

इथे थांबा. ही दुरुस्ती तुमची नाही. डेटाबेसमध्ये शिरून कॉलमचा प्रकार बदलायचा मोह होतो, मलाही एकदा झाला होता. प्रकार बदलला तरी गेलेले पैसे परत येत नाहीत. १,३१,०७२.०१५६२५ हेच आता नव्या प्रकारात अगदी अचूक साठवलं जातं. जुन्या नोंदी छापील बिलांवरून दुरुस्त कराव्या लागतात, आणि त्या वर्षाचं रिटर्न भरलेलं असेल तर सीएंना विचारल्याशिवाय एका आकड्यालाही हात लावायचा नाही.

सातवी: कॉम्प्युटर बदलल्यावर फरक.

जुना डबा गेला, नवा आला, आणि मागच्या वर्षीची पट्टी एक पैशाने बदलली. जुन्या ३२ बिटांच्या प्रोग्रॅमात गणित बऱ्याचदा प्रोसेसरच्या १९८० च्या इंटेल ८०८७ या गणिताच्या चिपपासून चालत आलेल्या विभागात व्हायचं. तिथे मधली उत्तरं ८० बिटांत ठेवली जातात आणि शेवटी ६४ मध्ये कोंबली जातात. नवे ६४ बिटांचे प्रोग्रॅम पहिल्यापासूनच ६४ मध्ये काम करतात. त्यात आताच्या प्रोसेसरांना गुणाकार आणि बेरीज एकत्र करून एकदाच राउंड करता येतं, तीही एक सूचना आहे. मधल्या पायऱ्या वेगळ्या, म्हणून शेवटचं घर वेगळं. तुमचा आकडा अर्ध्या पैशाच्या उंबऱ्यावर असेल तर तो या बाजूला पडतो नाही तर त्या. नवा कॉम्प्युटर परत करू नका. छापलेली पट्टी खरी धरा, आणि प्रोग्रॅमरला बोलवा.

"प्रोसेसरच खराब असेल तर?"

हा प्रश्न दरवर्षी एक तरी जण विचारतो, आणि तो अगदीच वेडा नाही. १९९४ साली इंटेलच्या पेंटियममध्ये भागाकाराच्या तक्त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांनी ती चूक पकडली. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागायचं, उत्तराला परत ३१४५७२७ ने गुणायचं आणि ४१९५८३५ मधून वजा करायचं. शून्य यायला हवं, त्या पेंटियमवर २५६ यायचे. कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा खर्च दाखवावा लागला. तुमच्या टेबलावर तो पेंटियम असण्याची शक्यता नाही. तरी मनाची खात्री करायची असेल तर एक्सेलमध्ये हे करून बघा. नंतर वर पहिल्या तपासणीकडे परत जा.

प्रोग्रॅमरला काय सांगायचं

पैसे रुपयांत अपूर्णांक करून ठेवू नका, पैशांत पूर्णांक ठेवा, किंवा डेटाबेसचा डेसिमल प्रकार वापरा. जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये करन्सी नावाचा प्रकार आहे, तो आतून पूर्णांकच असतो, दहा हजारपट करून ठेवलेला. तोही चालतो. पूर्णांकांची प्रोसेसरला अडचण नाही, डबलमध्येसुद्धा दोनाच्या त्रेपन्नाव्या घातापर्यंत प्रत्येक पूर्णांक बिनचूक बसतो. पैशांत मोजलं तर ते ९० लाख कोटी रुपये होतात. सगळ्या यार्डाची उलाढाल आत मावेल.

फक्त रुपयांचे पैसे करताना एक खड्डा आहे, आणि सुधारणा करायला निघालेलेच त्यात पडतात. ४.३५ गुणिले १०० हे डबलमध्ये ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं. इंट लावून शेपूट कापलं की ४३४. राउंड करा, कापू नका. हळदीच्या एका पेढीवर ही "दुरुस्ती" झाल्यावर काही बिलं एकेक पैशाने कमी यायला लागली, आणि तेव्हा दिवाणजी मला म्हणाले, "आधीचा पैसा तरी कधी इकडं कधी तिकडं जायचा, आता तुमच्या पोरानं तो फक्त आमच्याच खिशातनं काढायचं ठरवलंय."

माणूस बोलावलाच तर त्याच्यापुढे एवढं ठेवा: फरकाच्या एका बिलाचा नंबर, त्याच बिलाची दोन्ही छापील प्रत, दशांश उघडलेली एक्सेलची फाइल, १,३१,०७२.०१ च्या नोंदीचं काय झालं ते, आणि फरक दिसायला लागला त्याच्या आदल्या दिवसाचा बॅकअप. फोनवर मला "फरक किती?" विचारायला लागू नये. रुपये-पैशांत आकडा सांगा, आणि वाढलाय की कमी झालाय तेही.